नीमाच्या शेजारची रिकामी जागा

मित्रांनो, मी येरवड्यातल्या एका मराठी चर्चमधला जुना सागवानी बाक आहे. पुढून तिसरा, खिडकीकडचा. माझ्यावर सहा माणसे आरामात बसतात. पण एक वर्ष असे गेले, की रविवारी माझ्यावर दोघीच बसत आणि मागे लोक दाटीवाटीने बसलेले असत. त्या वर्षाची गोष्ट सांगतो.

मला साठ वर्षांपूर्वी गेनबा सुतारांनी घडवले. ते ख्रिस्ती नव्हते. पण देवाच्या घरचे काम म्हणून त्यांनी माझ्या कडा इतक्या निगुतीने घासल्या, की अजून कुणाच्या लुगड्याचा धागा माझ्यात अडकलेला नाही. तेव्हा आमच्या मंडळीतले बहुतेक लोक नगरकडच्या खेड्यांतून कामधंद्यासाठी पुण्यात आलेले होते. त्यांतलेच एक कचरू साळवे. त्यांच्या आजोबांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, पण जात काही त्यांच्या मागून हटली नाही. गावच्या चर्चमध्येसुद्धा त्यांना दारापाशी पोत्यावर बसावे लागे. मला आत आणून ठेवले, तेव्हा ते माझ्यावर अगदी मधोमध बसले आणि सात वर्षांच्या लेकीला म्हणाले, "शालन, हितं कुणाची जागा ठरल्याली नाय. येईल त्यो बसंल."

शालन माझ्यावरच मोठी झाली. तिचे लग्न मी पाहिले, तिच्या लेकराचा बाप्तिस्मा पाहिला आणि तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीची उपासनाही. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली, निवृत्त झाली. सगळे तिला शालनबाई म्हणू लागले.

मग एका रविवारी नीमा आली. टांझानियाहून वाघोलीच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकायला आलेली, उंच, काळीभोर मुलगी. ती माझ्यावर भिंतीच्या बाजूला बसली. दुसऱ्या टोकाला शालनबाई होत्या. मधल्या चार जागांवर त्या दिवशी कुणी बसले नाही. पुढच्या रविवारीही नाही. शालनबाईंनी आपली पर्स मध्ये ठेवली. मला वाटले, सहज ठेवली असेल. पण ती दर रविवारी तिथेच राहिली.

मंडळीचे चिटणीस शरच्चंद्र गायकवाड वाईट माणूस नव्हते. कुणी आजारी पडले, की डबा घेऊन पहिले तेच पोचत. ते नीमाला म्हणाले, "आमची उपासना मराठीत असते. कॅम्पात इंग्रजी उपासना आहे. तिथे आपल्याला सोयीचं पडेल."

"मला मराठी थोडं कळतं, साहेब," नीमा म्हणाली. "मी इथं चार वर्षं राहणार. देवाशीपण मराठीत बोलून बघते."

शरच्चंद्र हसले, "बघा बुवा," म्हणाले आणि निघून गेले.

ती वहीत इंग्रजी अक्षरांत मराठी गीते लिहून आणायची. "ळ" काही तिला जमायचा नाही, पण सूर मात्र पक्का होता. एकदा ती शालनबाईंना म्हणाली, "आजी, नीमा म्हणजे आमच्या भाषेत कृपा." शालनबाई म्हणाल्या, "हो का? छान." बस, इतकेच.

नंतर एक रविवार आला. नीमाचे डोळे सुजलेले होते. तिची आई तिकडे वारली होती आणि परीक्षा, तिकीट, व्हिसा या सगळ्यांत तिला जाता आले नव्हते. तिने आईचे नाव चिठ्ठीवर लिहून शरच्चंद्रांकडे दिले. पाळकसाहेबांनी दुःखी कुटुंबांची नावे वाचली, त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्यांत ते नाव नव्हते.

उपासना संपली. लोक बाहेर पडले. नीमा उठली नाही. शालनबाई पर्स उचलत होत्या.

"आजी," ती म्हणाली, "आमच्याकडे आई गेली, की माणसं शेजारी येऊन बसतात. बोलत नाहीत. नुसती बसतात."

मला ते शब्द अजून आठवतात. मध्ये फक्त चार हातांचे अंतर होते. शालनबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "देव तुझं सांत्वन करो, बाळा. माझी रिक्षा थांबलीय बाहेर." आणि त्या गेल्या.

नीमा बराच वेळ एकटीच बसून राहिली. मित्रांनो, मी लाकूड आहे. मला हात नाहीत.

पुढचे चार रविवार ती आली नाही. पाचव्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे आपला अनुभव सांगायच्या वेळी, शालनबाई उभ्या राहिल्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

"मी काल नातीला, अक्षताला, घेऊन वाघोलीला गेले होते," त्या म्हणाल्या. "नीमाची खोली शोधून काढली. तिनं चहा केला. मी म्हटलं, परत ये, माझ्याजवळ बस. तर म्हणाली, आजी, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण आता आम्ही सात मैत्रिणी खोलीतच प्रार्थना करतो. तिथं शेजारी बसा म्हणून मला कुणाला सांगावं लागत नाही."

मागचे लोक माझ्या भिंतीकडच्या रिकाम्या टोकाकडे बघू लागले.

"माझे वडील गावच्या चर्चमध्ये दाराशी पोत्यावर बसायचे," शालनबाई म्हणाल्या. "ते मला ठाऊक होतं. तरी मी त्या पोरीला भिंतीशी बसवलं. तोंडानं काही बोलले नाही, एवढंच."

शरच्चंद्र हळूच उठले. "चिठ्ठी माझ्याकडे होती," ते म्हणाले. "सभासदांचीच नावं वाचतो आपण, म्हणून पाळकसाहेबांना दिली नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी नाव वाचले. रेहेमा, नीमाची आई. सगळी मंडळी उभी राहिली. प्रार्थना फार मनापासून झाली. फक्त जिने ती ऐकायची, ती तिथे नव्हती.

शालनबाई नंतरही तीनदा वाघोलीला गेल्या. नीमा दर वेळी चहा करी, अभ्यासाचे सांगे, पण आमच्याकडे पुन्हा आली नाही. गेल्या मे महिन्यात शिक्षण संपवून ती मायदेशी गेली.

आता माझ्यावर मणिपूरची दोन मुले बसतात, एक सुदानी विद्यार्थी बसतो, अक्षता बसते. शालनबाई सरकून सरकून जागा करतात. लोक म्हणतात, आपली मंडळी बदलली. बदलली असेल. पण गीत सुरू झाले, की शालनबाई गाता गाता मधेच थांबतात आणि गीतांचे पुस्तक तोंडासमोर धरतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणी वेगळ्या रंगाचे, वेगळ्या बोलीचे, दुरून आलेले मूल एकटे बसत असेल. त्याला काय बोलावे, ते सुचत नसेल तर बोलू नका. पण उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. आजच बसा. नीमाने सांगूनही शालनबाईंना त्यासाठी पाच आठवडे लागले.