साठ गोळ्यांचा घोळ

रूपराव डेपोत कामाला आहेत, एवढंच नाचणगावाला माहीत होतं. आत ते नेमकं काय करतात हे आपल्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही, असं रूपराव स्वतः छातीठोकपणे सांगत. दारूगोळ्याचा डेपो गावापासून हाकेच्या अंतरावर. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटायची, आणि सगळ्यांचीच त्याबद्दल अळीमिळी गुपचिळी. पण रूपरावांची तऱ्हाच न्यारी. सत्तावन्न साली नोकरीवर रुजू झाले, त्या संध्याकाळी नव्या नवरीनं, मनकर्णाबाईनं, कौतुकानं विचारलं, "आज काय काम केलं?"

"ते सांगता येत नाई," रूपराव म्हणाले.

तेव्हापासून बत्तीस वर्षं घरात हेच उत्तर. पुढे पुढे तर सवयच जडली. पाव्हण्याकडच्या लग्नात जेवायला काय होतं विचारलं, तरी तोंडातून आधी तेच निघायचं.

आता अशा माणसाला नाद कशाचा असावा? तर लढाऊ विमानांचा! रविवारी सकाळी मोतीलालच्या कापडदुकानाच्या ओट्यावर तिघांची बैठक बसायची. मोतीलाल दुकानदार, नत्थूजी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि तिसरे रूपराव. तिघांपैकी एकही कधी विमानात बसला नव्हता. पण जपानचं विमान किती उंच जातं, तैवानवाले स्वतःचं विमान बांधायला निघालेत ते उडेल का, चीनच्या विमानाचं नाक तसं का, यावर हे तिघं भांडायचे ते असे, की जणू विमानाची ऑर्डर यांनाच द्यायची होती.

बैठकीचा एक नियम होता, आणि तो रूपरावांनीच घातला होता. बोलायचं ते परक्या देशांच्या विमानांवर. आपल्या देशाच्या विमानांवर अवाक्षर नाही. पेपरात आपल्या देशी विमानाच्या योजनेबद्दल रकानेच्या रकाने येत, तरी नाही. नत्थूजींच्या तोंडून चुकून 'आपलं' निघालं, की रूपराव उठून आतल्या माठातलं पाणी प्यायला जायचे आणि विषय बदलल्यावरच परतायचे. "रूपरावजीले तहान लागली," मोतीलाल हसून म्हणायचा. एकदा तर एका बैठकीत त्यांना अकरा वेळा पाणी प्यावं लागलं होतं.

मोतीलालची थट्टा ते मनावर घेत नसत. माझ्या डोक्यात दोन कप्पे आहेत, ते म्हणत. एक बाहेरचा, एक आतला. बाहेरच्या कप्प्यात मासिकांतलं, पेपरातलं. त्याच्या त्यांच्याकडे तीन वह्या होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे कुठे वाचलं, कोणत्या तारखेला, हेही लिहिलेलं. आतल्या कप्प्यात डेपो. त्याची वहीही नाही न् बोलणंही नाही. या दोन कप्प्यांचा त्यांना फार अभिमान होता. सांगायचं तर दुसरं काही अभिमान बाळगण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतंही.

घरात मात्र त्यांची एक तक्रार होती. मे महिन्यात वर्धा जिल्ह्याची भट्टी होते. सगळं नाचणगाव अंगणात खाटा टाकून झोपतं. मनकर्णाबाई मात्र नवऱ्याला कधी अंगणात झोपू देत नव्हती. दार-खिडक्या लावून घ्यायची आणि आत. रूपराव घामानं निथळत कुरकुरायचे, "अवं, काऊन उकडून मारून राह्यली मले?" ती म्हणायची, "मले बाहेर भेव वाटते." बत्तीस उन्हाळे हे असे गेले. भित्री आहे बिचारी, म्हणून त्यांनी ते सोसलं.

तर एकोणनव्वद साल. एकतीस मार्चला रूपराव रिटायर होणार होते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी नत्थूजींनी पेपर वाचून दाखवला. पाकिस्तानकडे चीनची एफ-सेव्हन विमानं आली होती.

"हे तर आपलंच मिग," मोतीलाल म्हणाला. "रशियाच्या मिगवरूनच तर बनवलं चीननं. एकच साचा."

रूपराव पाण्यासाठी अर्धे उठले. मग थांबले. बोलणं पाकिस्तानच्या विमानाबद्दल होतं, म्हणजे बसायला हरकत नव्हती. पण ते विमान आपल्या विमानाचं भावंड, म्हणजे उठायला हवं होतं. उठावं का बसावं? ते तसेच अर्धवट वाकून राहिले.

"कमर धरली का?" नत्थूजींनी काळजीनं विचारलं.

रूपराव बसले. इथेच चूक झाली. कारण मोतीलाल आता रंगात आला होता. "दोन-दोन गना हायेत त्याले. एकदा सुरू झाल्या का दहा मिनिटं बंदच नाई होत!"

आता खोटं ऐकून घेणं हे काही रूपरावांच्या रक्तात नव्हतं. "दहा मिनिटं? काय थट्टा लावली का मोतीलालजी? एका गनले साठ गोळ्या! चार सेकंदात खलास!"

नत्थूजींनी पेपर खाली घेतला.

"कहाँ पढा, रूपरावजी?" मोतीलालनं साधंच विचारलं.

रूपरावांनी तोंड उघडलं. कुठे वाचलं? आठवेना. तारीख आठवेना, मासिक आठवेना. चपला उलट्यासुलट्या घालून ते घरी निघाले.

घरी येऊन तिन्ही वह्या काढल्या. पानन् पान चाळलं. एफ-सेव्हनचा वेग होता, उंची होती, पंखांची लांबी होती. साठ गोळ्या कुठेच नव्हत्या! मग आल्या कुठून? डेपोत विमानं नव्हती, पण पेट्या होत्या. पेट्यांवर आकडे होते. बत्तीस वर्षांत असे किती आकडे डोळ्यांखालून गेले असतील! एखाद्या पेटीवर साठ होता का? ते डोळे मिटून पेट्या आठवू लागले. पहिल्या दिवशी एकाही पेटीवर साठ दिसेना. दुसऱ्या दिवशी एका पेटीवर दिसला. तिसऱ्या दिवशी सगळ्याच पेट्यांवर साठ! आता हा साठ आधीपासून तिथे होता का आपणच तो आठवून आठवून लिहिला, हेही कळेना. आणि समजा पेटीवर होता, तरी तो आपल्या विमानाचा. आपण बोललो पाकिस्तानच्या. साचा एकच, तर मग गुपित कोणाचं फुटलं? डोक्याचा पार भुगा झाला.

त्यातच हेडक्लार्क प्रभाकररावांनी रिटायर होण्याआधी भरायचा कागद हातात दिला. 'नोकरीच्या काळात माहीत झालेली कोणतीही गोष्ट मी कोणाही व्यक्तीस सांगितलेली नाही.' खाली सही. त्याखाली साक्षीदार. इतर लोक तिथल्या तिथे, विडी विझवायच्या आत, सही करून मोकळे होत. रूपरावांनी घडी करून कागद खिशात घातला.

"उद्याच्याले आणजो, रूपराव," प्रभाकरराव म्हणाले.

पंधरा दिवस झाले तरी उद्या उगवेना. रूपराव जेवेनात. रविवारी ओट्यावर जाईनात. मोतीलाल दोनदा घरी येऊन गेला, तर हे मागच्या दारानं विहिरीवर. आयुष्यभर एकच गोष्ट नीट केली, आणि शेवटी शेवटी तीही केली की नाही ते समजेना, यासारखं दुःख नाही. खोटी सही करावी, तर हात उठेना. कोणाला विचारावं, तर विचारण्यासाठी ती गोष्ट पुन्हा सांगावी लागणार!

शेवटी मनकर्णाबाईच्यानं राहवलं नाही. भाकर थापता थापता ती म्हणाली, "काय शोधून राह्यले तुमी? पेटी उचकली, वह्या उचकल्या, माळा उचकला."

"ते सांगता येत नाई."

"ते मले मालूम हाये. पन निदान कशासारखं हाये ते तरी सांगा."

रूपराव इतके थकले होते की बोलून गेले. "कुठंतरी एक गोष्ट वाचली. का नाई वाचली. साठ..."

"साठ गोळ्या?" मनकर्णाबाई म्हणाली.

रूपरावांच्या हातातला पेला कलंडला.

"चीनचं विमान, दोन गना, एकेकीले साठ-साठ गोळ्या, आन् पाकिस्तान घेऊन राह्यलं," तिनं शाळेतल्या पोरासारखं धडाधड म्हणून दाखवलं. "त्या फळीवर होतं ना! मोतीलालजीच्या दुकानातून माह्या लुगड्याले गुंडाळून पेपर आला होता, तो म्या डब्याखाली अंथरला. चार महिने तुमी जेवाले बसले का मोठ्यानं वाचत होते. मले वाचता येत नाई, पन पाठ झालं."

"कुठं हाये तो पेपर?" रूपराव फळीकडे धावलेच.

"दिवाळीत बंबात गेला. पन होता."

आठवलं! हळदीच्या डब्याखालून डोकावणारी विमानाची शेपटी, त्यावर पडलेला तेलाचा डाग, सगळं लख्ख आठवलं. म्हणजे साठ बाहेरच्याच कप्प्यातला. रूपरावांना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. खिशातला कागद काढून त्यांनी मांडीवर पसरला, तिला वाचून दाखवला आणि पेनाचं टोपण काढलं.

मनकर्णाबाई तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "एवढ्यासाठी पंधरा दिवस जीव जाळला? मले वाटलं, त्या सतरा नंबरच्या शेडातल्या पेट्याचं काही झालं."

पेन तिथेच थांबलं. "तुले... सतरा नंबर कोनं सांगतला?"

"कोन सांगन? तुमीच. झोपेत बोलता तुमी. लग्न झालं तवापासून. आज काय आलं, काय गेलं, सायेब काय म्हन्ले. पह्यले मले समजेच नाई. मंग समजलं का हे सांगायचं नसते."

रूपरावांनी पेन खाली ठेवलं. बत्तीस वर्षं ज्या कप्प्याला ते कुलूप लावून निजत होते, तो कप्पा ते निजल्याबरोबर उघडत होता.

"मंग... अंगनात झोपू देत नवती, ते?"

"इकडून नत्थूजीचं घर, तिकडून किसनरावाचं. मधात नुसती तुराट्याची भिंत. दारं नाई लावू तं काय करू? माहेरीबी कधी चार दिसावर राह्यली नाई. तुमी एकटे इथं कोनाच्या कानापाशी बडबडसान, त्याचा धाक." तिनं धुरानं चुरचुरणारे डोळे पदरानं पुसले. "माही बहीन हजारदा विचारे, भाऊजी काय काम करतेत? म्या म्हनो, ते सांगता येत नाई. बत्तीस वर्सात कोनाले सांगतलं का म्या?"

रूपराव भित्री समजत होते हिला! उकडून मारते म्हणून भांडत होते! लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की समोरची भाकर दिसेनाशी झाली. त्यांनी कागद पुन्हा वाचला. मी कोणाही व्यक्तीस सांगितलेली नाही. त्यांच्यापुरतं ते खरं होतं की खोटं, हे काही त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण या घरात एक माणूस असं होतं, ज्याच्या बाबतीत त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रभाकररावांनी कागद उलगडला. खाली रूपरावांची सही. त्याखाली, साक्षीदाराच्या जागी, निळ्या शाईतला एक ठसठशीत अंगठा. कडेला थोडं ज्वारीचं पीठ लागलेलं.

"हा कोनाचा अंगठा, रूपराव? आन् साक्ष कशाची?"

रूपरावांनी बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच हसून सांगितलं, "ते सांगता येत नाई."