तीन नंबरच्या प्रेसचा पत्रा

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा तर एक जुना लोखंडी पत्रा. खरं आहे. उंची चार फूट, कडेला गंज आणि अंगभर पोचे. पण मी रेडिओवर वाजलेला पत्रा आहे, आणि त्याचं मला सुख नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात मला कापून, वाकवून तीन नंबरच्या पॉवर प्रेसला बाजूचं झाकण म्हणून बसवलं. प्रेस म्हणजे लोखंडी पट्ट्यांना एका दणक्यात आकार देणारं यंत्र. दणका बसला की मी अख्खा थरथरायचो आणि त्याहून मोठ्यानं ओरडायचो. माझ्यापासून दोन हातांवर सोमाअण्णा काम करत उभे असत. नांदगावकडचा सरळ माणूस. दसऱ्याला मला पुसून झेंडूचा हार घालायचे आणि म्हणायचे, "ह्यो बोलतोय तोवर मशीन ठीक हाय." कानात घालायला बोळे मिळत, पण त्यानं कुणाची हाक ऐकू येत नाही म्हणून ते कुणीच घालत नसत. सत्तावीस वर्षांनी अण्णांना बोळ्यांशिवायही हाक ऐकू येईना.

पुढे कारखाना बंद पडला. प्रेस भंगारात गेली. अण्णांनी मला मागून घरी आणलं. त्यांच्या बायकोनं, नवसाबाईंनी, मला पाण्याच्या टाकीवर ठेवून वर वीट ठेवली. सहा वर्षं मी ऊन खात पडलो.

अण्णांची मुलगी छाया कुरियरच्या ऑफिसात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात तनय नावाच्या मित्राबरोबर वाजवायची. तनयचं संगीत ब्लॅक मेटल. त्यात गिटार करवतीसारखी चालते आणि गाणारा घसा खरवडून ओरडतो. छायाला तर सूरच नको होते, तिला निव्वळ गोंगाट हवा होता. तिनं मला साखळीनं टांगलं, पाठीवर एक चपटा माइक चिकटवला आणि हातोडी मारली.

"असा आवाज कुठल्या ढोलाला नाही!" तनय म्हणाला.

मी फुलून गेलो, मित्रांनो. रोज संध्याकाळी दोन-दोन तास गर्जत राहिलो. छाया मला डावा कान लावूनच उभी राहायची.

यंदा एका कॉलेजच्या रेडिओ केंद्रानं दोघांना रविवारी दुपारी थेट कार्यक्रमाला बोलावलं. रिक्षात मला धरून बसायला अण्णाही आले. लेकीचं वाजवणं ऐकू येणार नव्हतं, पण त्यांना ते बघायचं होतं. प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. छायानं घाव घालायला सुरुवात केली, तनय ओरडू लागला. दहा मिनिटांनी दोघं थांबली.

निवेदिका स्वानंदी छायाच्या डावीकडे बसली होती. तिनं विचारलं, "हा आवाज तुम्हाला कुठे सापडला?"

छाया साखळी नीट करत राहिली. स्वानंदीनं पुन्हा विचारलं, तरी ती वळेना. शेवटी तनयनं खूण केली, तेव्हा तिनं मान तिरकी करून उजवा कान पुढे केला आणि उगीचच हसली.

ते हसू अण्णांनी पाहिलं. काही कळलं नाही की माणूस तसा हसतो. ते स्वतः कित्येक वर्षं तसे हसले होते.

पुढचं गाणं सुरू झालं. छायानं हातोडी उचलली तोच अण्णा उठले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी छातीशी आवळलं. घाव पडला, पण माझ्यातून नुसता 'थप्' असा आवाज आला.

"अण्णा, कार्यक्रम चालू आहे!"

"छाये, तुला कधीपासनं ऐकू येत नाय?"

तनयची गिटार थांबली. लाल दिवा तसाच होता. छाया अण्णांना ओठ दिसतील असं समोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "डाव्या कानानं. सहा महिने झाले."

"आन् सांगितलं नाय?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलं होतं?"

अण्णांचे हात माझ्यावरून सुटले. स्वानंदीनं घाईघाईनं दुसरं काहीतरी लावून दिलं.

घरी रेडिओशी बसलेल्या नवसाबाईंनी सगळं ऐकलं होतं. आम्ही परतलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. लेकीला जवळ घेऊन त्या आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते सांभाळा." छाया आता कानांवर जाड आवरणं घालून वाजवते, पण मला नाही. मी अंगणात भिंतीला टेकून असतो. संध्याकाळी अण्णा तिला ओठ वाचायला शिकवतात. ते आवाज न करता एखादा शब्द बोलतात, तिनं तो ओळखायचा. बरेचदा चुकते. चुकली की अण्णा तोच शब्द पुन्हा बोलतात.

मित्रांनो, माझ्यावर पोचा पडला तर ठोकून काढता येतो. कानाचं तसं नाही. आपले कान जपा. आणि ज्यांचे गेले, त्यांच्यावर ओरडू नका. त्यांच्या समोर बसा, उजेडाकडे तोंड करा आणि सावकाश बोला.