जिप्समची इर्जिक

कोकणातल्या एका खाडीकाठी खताचा कारखाना आहे. त्याच्या मागे टाकाऊ जिप्समचा पांढरा डोंगर. त्यातलं किरणोत्सारी रेडियम झिरपून खाडीत उतरतं. भरतीला ते किती मागे येतं, ओहोटीला किती समुद्रात जातं, याचं गणित संगणकावर मांडायचं, ही माझी नोकरी. यंदा आकडे वाढलेत. अहवाल साहेबांनी दाबून ठेवलाय आणि मला तोंडाला कुलूप लावायला सांगितलंय.

सुट्टीला कडेगावजवळ गावी आले, तर तोच डोंगर ट्रकमधून आमच्या रानात येऊन बसलेला!

उसाला पाणी पाजून पाजून आमचं रान क्षारपड झालं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या रिटायर सुभेदार वडिलांनी, त्यावर उतारा म्हणून जिप्सम मागवलं आणि इर्जिक घातली. घरटी एक माणूस फुकट राबणार आणि दुपारी मटणावर ताव मारणार.

"त्या कारखान्याचं पाणी माजी पोरगी संयोगिता तपासती," अण्णा मिशीला पीळ देत सांगत होते. "म्हंजे माल तपासलेलाच की!"

"तिच्या हातनं पयलं घमेलं पडू द्या," शेजारचे धुळातात्या म्हणाले, "मग आमीबी मागवतो."

मी अण्णांना बाजूला घेतलं. "आवं अण्णा, मी खाडी मोजते. रानात टाकल्यावर ह्याचं काय हुतं, ते मोजलेलं न्हाई."

"वाईट हाय का?"

"ठावं न्हाई."

"मग चांगलं म्हन की! गावाम्होरं माजी मान खाली घालतीस व्हय?"

असा संताप आला! साहेबाला आकडा नको, बापाला शंका नको. वाईट म्हणावं तर पुरावा नाही, चांगलं म्हणायला जीभ रेटत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

तरी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "थांबा जरा. आधी माल तपासून घेऊ."

"पोरी, मटान शिजलं की," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. अण्णांचा चेहरा पडला.

नवऱ्याचा पडलेला चेहरा आईला कधीच बघवत नाही. तिनं पदर खोचला, माझ्याकडे न बघता अनवाणी ढिगात शिरली आणि दोन्ही हातांनी घमेलं भरू लागली. कोपरापर्यंत पांढरी झाली. मला भडभडून आलं. जे काय असेल ते तिनं एकटीनं का अंगावर घ्यावं? मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी जाऊन घमेलं उचललं.

"बगा!" अण्णा ओरडले. "पोरीनं सोता हात लावला!"

धुळातात्यांनी तिथंच फोन काढला आणि आपल्या रानासाठीही एक ट्रक सांगितला.