भिंतीबाहेरची मूळआई

सुसाराने घराण्याच्या स्मशानाच्या भिंतीबाहेरच्या दगडांच्या ढिगावर काठी टेकली.

“इथे.”

बारेंदचा चेहरा पडला. रूलोफ्से घराण्याचा हा कर्ता पुरुष, चर्चमधला मानकरी आणि सुसाराचा धाकटा दीर. दक्षिण आफ्रिकेतल्या साऱ्या कारू माळरानावरचे भाऊबंद जमवून मूळपुरुषाची बायको जिथे पुरली तिथे संगमरवर उभारायचा, असा त्याने घाट घातला होता. पण ती जागा ठाऊक होती एकट्या सुसाराला. सासूने मरताना थोरल्या सुनेच्याच कानात सांगितली होती.

“अहो वहिनी, इथे तर गडीमाणसं पुरलीत!”

“तेव्हा भिंत कुठे होती, भावोजी?”

बारेंदने मान खाजवली. “खरंय. मग भिंतच पुढे घेऊ. हॉलंडहून आलेली आमची गोरीपान मूळआई, ती काय बाहेर राहील?”

“वाटेत ड्रीना आहे.”

ड्रीना सुसाराची एकुलती एक लेक. रक्त अस्सल गोरं आहे का हे ठरवायला शाळेत तिच्या कुरळ्या केसांत पेन्सिल खोवून पाहिली. ती खाली पडली नाही, म्हणून पोरीला गोऱ्यांच्या शाळेतून हाकललं. वर्षभरात घटसर्पाने गेली बिचारी. सुसाराचा नवरा आधीच गेलेला, आणि याच बारेंदने स्मशानाचं फाटक अडवलं. ‘आमच्या रक्तात असले केस नाहीत, वहिनी. तुमच्या माहेरचं तुम्ही निस्तरा.’ पोर बाहेर मातीत जाताना मेल्याने डोक्यावरची टोपीसुद्धा काढली नव्हती. सुसारा त्या दिवशी रडली नाही. तिने ती टोपी तेवढी मनात ठेवली.

“येऊ दे तीही आत,” बारेंद शेवटी पुटपुटला. “आता नाइलाज आहे.”

सोहळ्याच्या दिवशी माळावर गाड्यांची रांग लागली. निखाऱ्यांवर मटण चरचरत होतं. नव्या भिंतीच्या आत उभं राहून बारेंदने शुद्ध रक्तावर लांबलचक भाषण ठोकलं. मग टोपी काढून गुडघे टेकले आणि दगडापुढे फुलं वाहिली. लोकांनी स्तोत्र धरलं.

सुसारा त्याच्याजवळ वाकली. दगडाच्या बुडाशी सिमेंट बोटाने दाबून पाहिलं. पक्कं झालं होतं.

“भावोजी,” ती कानाशी लागली, “भिंत तेव्हाही होतीच. बंगालहून विकत आणलेली गुलाम बाई ती. आधी विकत घेतली, मग लग्न लावलं. मेल्यावर आत घेतलं नाही कुणी. सासूबाई म्हणाल्या, पिढ्यान्‌पिढ्या बायका सांगत आल्यात, तिचे केस अगदी आपल्या ड्रीनाचे.”

बारेंदच्या तोंडचं पाणी पळालं. “खोटं! खोटं आहे हे!”

“मग ओरडून सांगा की. सगळे जमलेत.”

त्याने मागे पाहिलं. चारशे भाऊबंद टोप्या हातात धरून गात होते. तो पुन्हा दगडाकडे वळला.

सुसाराने त्याच्या गुडघ्याशी पडलेली टोपी उचलली, चार पावलं चालत गेली आणि ड्रीनाच्या थडग्यावर ठेवली.

“उठाल तेव्हा तिथून घ्या,” ती म्हणाली. “जरा वाकावं लागेल.”