वामनरावांचं पिवळं आकाश

साधना अमरावतीत चित्रकलेचे वर्ग घेते. तिला जलरंग शिकवले ते अकोल्याच्या वामनराव इंगळे सरांनी. सर आता पंचाहत्तरीचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की उठून आत जायचे. गेल्या हिवाळ्यात तिने अमरावतीत त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी एक नवं चित्र पाठवलं. मूर्तिजापूरचं शकुंतलेचं, म्हणजे बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचं स्टेशन, गवतात बुडालेले रूळ आणि वर मळकट पिवळं आकाश.

ते पाहून तिला वाईट वाटलं. लोक म्हणतील, सरांचं संपलं. त्यांची लाज राखावी म्हणून तिने ओल्या स्पंजाने आकाशाचा रंग हलकेच टिपून काढला, कागद वाळू दिला आणि सर पूर्वी काढायचे तसं निळं, मोकळं आकाश रंगवलं. सहीला धक्का लागू दिला नाही.

प्रदर्शनात लोक त्याच चित्रापुढे थांबले. सरांनी काचेला नाक लावून पाहिलं.

"चांगलं दिसून राह्यलं ना?"

"हो सर," ती म्हणाली. त्यानंतर वर्गात आकाश रंगवून दाखवणं ती टाळू लागली.

मार्चमध्ये सुनेने हट्टाने सरांचं ऑपरेशन करवलं. मग एके दिवशी त्यांचा फोन आला.

"साधना, मूर्तिजापूरचं चित्र घेऊन ये. मले पाह्यचं आहे."

"आत्ताच, सर?"

"अवं, मोतीबिंदूत जग कसं दिसे ते इसरत चाललो मी. भर दुपारी सांज वाटे. तेच काढलं होतं त्यात, मुद्दाम. आता नव्या डोयानं पाह्यतो."

फोन ठेवून तिने प्रदर्शनापासून तिच्याकडेच असलेलं ते चित्र बाहेर काढलं. इंग्रज चित्रकार टर्नरच्या चित्रांना त्याच्या काळात लोक साबणाचा फेस म्हणून हसले, हे सरांनीच सांगितलेलं ती आपल्या वर्गात दरवर्षी सांगायची. आणि सरांचं आकाश तिने पुसून टाकलं होतं.

अकोल्याला सरांनी चित्र खिडकीशी नेलं. त्यांच्या कपाळावर आठी उमटली, तेवढ्यात ती बोलली, "सर, आकाश मी बदललं. तुमचं नाही ते."

सरांनी चित्र भिंतीशी टेकवून ठेवलं.

"इचारलं काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मंग आता?"

सर खुर्चीत बसले, डोळे मिटले. "सांग, कसं होतं ते."

ती आठवून सांगू लागली. "वर पिवळसर, जुन्या कागदासारखं. रुळांकडे येताना तांबूस. एका ठिकाणी रंग नुसता ओघळू दिलेला."

"आन झाडाच्या कडेले?"

तिने खूप आठवून पाहिलं. झाडाच्या कडेला काय होतं ते तिने नीट पाहिलंच नव्हतं. पुसायची घाई होती.

"नाही आठवत, सर."

सरांनी डोळे उघडले. चित्र उचलून तिच्या हातात दिलं. "हे तुह्यं हाय. घेऊन जाय." मग आत पाहून सुनेला म्हणाले, "साधनाले चहा टाक वं, उन्हाची आली ते."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.