मागच्या रस्त्याने नऊ दिवस

मित्रांनो, मालवणच्या एसटी स्टँडबाहेर रिक्षांची रांग लागते. तिच्यात सगळ्यात जास्त गंजलेली दिसेल ती मी. मी एक जुनी रिक्षा आहे आणि खरं सांगायचं तर आता फार थकले आहे.

घाटावरच्या एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. चौदा वर्षांपूर्वी कुस्तोदियोने मला विकत घेतलं. फादरनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, कुस्तोदियोच्या बायकोने, फेलिसिदादने, आरशाला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, बांधला आणि त्यांची चार वर्षांची फ्लाव्हिया दिवसभर माझ्या मागच्या सीटवरून उतरायलाच तयार नव्हती. स्टँडवरचे लोक म्हणत, "काय झळकता रे तुझी रिक्षा!" तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे मी खूप कष्ट केले. मासळीच्या टोपल्या वाहिल्या, पर्यटकांना जेटीवर सोडलं, शाळेची मुलं नेली. माझा तळ खाऱ्या हवेने खाल्ला, सीट फाटली. आता नव्या रिक्षा आल्या की गिऱ्हाईक मला ओलांडून तिकडे जातं. पण यमुनाबाई मात्र कधी दुसऱ्या रिक्षेत बसल्या नाहीत. त्या मासळी विकतात आणि रोज दुपारी रिकामी टोपली घेऊन माझ्यातूनच घरी जातात.

गेलं वर्षभर कुस्तोदियो प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगायचा. "चेडू माझा बारावीक आसा. सायन्स. इंजिनेर होतला." मागे बसलेली फ्लाव्हिया अशा वेळी बाहेर बघत राहायची. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळला नाही. तिच्या वडिलांनाही नाही.

मे महिन्यात निकाल लागला. दुपारी एक वाजून गेल्यावर कुस्तोदियोचा फोन वाजला. तो माझ्या मागे आडोशाला जाऊन उभा राहिला, म्हणून ते बोलणं फक्त मी ऐकलं.

"पापा, फिजिक्स आणि मॅथ्स, दोनय गेले."

त्याने एक हात माझ्या टपावर टेकला. मग म्हणाला, "बरां. घराकच रव." एवढंच.

तो पुढे आला, तेव्हा रांगेतला धनेश वाट बघत होता. "काय रे, कितके पडले चेडवाक?"

"बरे पडले," कुस्तोदियो म्हणाला.

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी आम्हाला फार दमवलं. पेढे कोण मागेल, टक्के कोण विचारील, या भीतीने कुस्तोदियोने बाजारपेठ टाळली. स्टँडवर उभं राहणं सोडलं. मागच्या खड्ड्यांच्या रस्त्याने तो मला फिरवू लागला, यमुनाबाईंनाही रोज तिथूनच नेऊ लागला. घरी बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हती. दुपारी घरात कोणी पाहुणं आलं की फ्लाव्हिया मागच्या दाराने निघून फणसाखाली माझ्यात येऊन बसायची. रडायची नाही. फाटक्या सीटमधला काथ्या उपसत राहायची. "गो, जेवक ये," अशी फेलिसिदादची हाक तीनतीनदा यायची.

नवव्या दिवशी कॉलेजात गुणपत्रिका मिळणार होती. ती घेऊन फ्लाव्हिया माझ्यात बसली. परतताना वाटेत यमुनाबाईंनी रोजच्यासारखा हात केला. त्यांना नाही म्हणणं कुस्तोदियोला जमलं नाही.

"बरे मार्क पडले मां गो तुका?" यमुनाबाईंनी टोपली पायाशी ठेवत विचारलं. "पापा सांगी होतो."

फ्लाव्हियाने आरशात वडिलांकडे पाहिलं. त्याने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"नाय गो मावशे," ती म्हणाली. "मी नापास झालंय. दोन विषयात."

यमुनाबाई पुढे वाकल्या.

"आणि हेच्यासाठी तू माका नऊ दीस ह्या खड्ड्यांतसून व्हरतंस? माझी हाडां खिळखिळी झाली रे मेल्या! माका वाटला, बाजारातलो रस्तो बंद आसा!"

फ्लाव्हिया हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसता तिला रडू फुटलं आणि ते थांबेना. कुस्तोदियोने मला कडेला घेऊन बंद केलं.

"माका लाज वाटली," तो मागे न बघता म्हणाला. "तुझी नाय गो. माझ्या तोंडाची. वर्षभर सगळ्यांका सांगत सुटलंय."

"पापा, माका नाताळापासूनच मॅथ्स कळणा नाय होता. तुमी सगळ्यांका सांगत होतात, म्हणान मी बोललंय नाय."

यमुनाबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं. पदराला मासळीचा वास होता. फ्लाव्हियाने तोंड फिरवलं नाही. "परीक्षा परत कधी?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून खड्ड्यांचा रस्ता सुटला, स्टँड मात्र कुस्तोदियो अजून टाळत होता. मी रोज फ्लाव्हियाला शेवंतीबाईंकडे सोडू लागले. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बारावीचं पुस्तक मिटून ठेव. नववीचं घेऊन ये." तिचा चेहरा उतरला, पण ती नववीचं पुस्तक घेऊन गेली.

जुलैत तिने पुन्हा परीक्षा दिली. फिजिक्स सुटलं. गणित पुन्हा गेलं, थोडक्यासाठी.

हा निकाल लागला त्या दिवशी कुस्तोदियोने मला सरळ स्टँडवर नेऊन रांगेत लावलं. धनेशने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "एक सुटलो, एक रवलो. फेब्रुवारीत परत बसतला." धनेशने मान हलवली आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. बस्स. ज्याला तो इतके दिवस भीत होता, ते एवढंच होतं.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनंती आहे. जे समजत नाही ते वेळेवर घरी सांगा. आणि मोठ्यांनो, निकालाच्या दिवशी मुलाला लपवू नका. त्याच्याजवळ बसा, तो जेवला का ते विचारा.

मार्चमध्ये रस्त्यावर धावायची माझी मुदत संपते. मग मी भंगारात जाईन. फ्लाव्हियाचा पुढचा निकाल मला कळणार नाही. तोवर रोज सकाळी मी तिला शेवंतीबाईंकडे नेते. त्यांच्या घराआधी एक मोठा चढ आहे. तिथे मला फार वेळ लागतो. फ्लाव्हिया उतरते, वही काखेत धरते आणि माझ्या शेजारून चालत वर येते.