विखुखोलची वाट

खोपेर नदीच्या जुन्या डोहावर पहिला बर्फ धरला, की विखुखोलची गणती सुरू व्हायची. पारदर्शक बर्फाखाली पाण्यात राहणाऱ्या या लांब नाकाच्या प्राण्याच्या श्वासाचे बुडबुडे अडकतात, त्यांची पांढरी रेघ उमटते आणि ती थेट बिळाच्या तोंडाशी जाते. रेघेच्या कडेनं चालायचं, रेघेवर कधीच नाही. तिथं बर्फ पापडासारखा असतो. हे अख्ख्या गावाला शिकवलं अभयारण्याच्या राखणदारानं, कोंद्रातनं. आणि गेल्या उन्हाळ्यात त्याची नजर गेली, आता त्यालाच ती रेघ दिसत नव्हती.

हे फक्त त्याच्या बायकोला, पेलागेयाला, ठाऊक होतं. बोभाटा झाला असता तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर राखणदाराचं घरही. म्हणून काठी धरायच्या निमित्तानं ती पुढे चाले आणि तिच्या बुटांच्या आवाजामागून तो.

आज मात्र गणतीसाठी मॉस्कोहून संशोधक रिम्मा अर्काद्येव्हना आली होती. तिनं मोजपट्टीचं टोक हातात देऊन पेलागेयाला काठावरच उभं केलं.

रिम्मा सांगत होती, की विखुखोल मूळचा मातीत बोगदे खणणाऱ्यांच्या कुळातला. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांतली एक शाखा पाण्यात उतरली. केसाळ हत्ती आले नि संपले, हा टिकला. डोळे जवळजवळ निकामी, सगळी भिस्त नाकावर.

"म्हणजे आमचाच भाऊबंद," कोंद्रात म्हणाला. रिम्मा हसली. मेल्याला हे आत्ताच सुचायचं होतं, असं पेलागेयाला झालं.

"कोंद्रात येफिमिच, बिळाचं तोंड दाखवा ना," रिम्मा म्हणाली.

तो निघाला. मान ताठ, ऐटीत, नेमका रेघेवरून. पेलागेया खोकली, त्यानं लक्ष दिलं नाही. बर्फ करकरला. ओरडलं तर घर जाणार, नाही ओरडलं तर माणूस. तो आणखी एक पाऊल पुढे गेला.

"कोंद्रात, थांब. तू रेघेवर आहेस. तुला दिसत नाही."

तो थांबला. रिम्माची पेन्सिलही थांबली. पालथा पड, माझ्या आवाजाकडे सरपटत ये, असं पेलागेया सांगत राहिली आणि तो एवढा मानी माणूस पोटावर सरपटत काठाला लागला. वही मिटून रिम्मा गाडीकडे गेली.

पेलागेया त्याच्या कोटावरचा बर्फ झटकू लागली. त्यानं तिचं मनगट धरलं.

"पायाखालचा आवाज बदलला होता," तो हळूच म्हणाला. "पुढच्या पावलाला मी थांबणारच होतो."

ते खरं होतं की नाही, हे त्याच्या तोंडाकडे बघूनही तिला कळेना.